बंदुकीचा लाल दोरा

दादा, तुझी बंदूक आज गेली. हवालदाराने ती गवसणीसकट सायकलच्या दांडीला आडवी बांधली आणि तो रस्त्याला लागला. वळणावरच्या भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडाआड दिसेनासा होईपर्यंत मी फाटकात उभी होते. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, कुणी ना कुणी मला जेव म्हणून सांगत होतं. आता कुणी सांगत नाही आणि मी दोन वेळा भात टाकते, तोही सवयीने दोघांचा.

परवाना तुझ्या नावावर, आणि तू नाहीस, म्हणून बंदूक ठाण्यात जमा करायची. त्यात हवालदाराची काही चूक नाही. पण ती जाताना जे घडलं ते तुला सांगायला हवं. तुझ्याशिवाय ते कळणारं या गावात कुणी नाही.

आपली बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. काडतुसाच्या बंदुका आल्या, त्याला किती वर्षं झाली, पण तू काही ही सोडली नाहीस. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, मग लोखंडी गजाने सगळं ठासायचं. शेवटी मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवायची, घोडा ओढायचा, तेव्हा कुठे एक बार. मी तुला चिडवायचे, तुझी तयारी होईस्तोवर डुक्कर जेवून, हात धुऊन घरी जाईल. तू म्हणायचास, "जाऊं दे ना गो. मला कुठं त्याला मारायचा हाय? त्याला नुस्ता कळला पायजे का घरात कोणतरी हाय." भाताच्या दिवसांत डोंगराकडून डुकरं उतरली की तू खाचराच्या बांधावर उभा राहून एकच बार काढायचास. एक डुक्कर पडल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. आवाज मात्र चिंचणीच्या बाजारापर्यंत जायचा.

बार काढला की नळी कढत पाण्याने धुवायची, नाहीतर आत गंज धरतो. त्यासाठी तुला माझी चहाची किटलीच लागायची. तिची चोच नळीच्या तोंडात बरोबर बसते म्हणे. मी एकदा बोईसरच्या बाजारातून तुला वेगळी किटली आणून दिली, तर तू तीत खिळे ठेवलेस. नळीतून काळं पाणी निघायचं, मग करडं, मग निवळ, आणि निवळ पाणी आलं की तू खोबरेल लावायचास. "खरकटी बंदूक भिंतीला लावायची नाय," हे तुझं वाक्य. जेवलेलं ताट मात्र तू कधी उचललं नाहीस, तेही आज लिहूनच ठेवते.

बाबांनी आपल्या दोघांना कामं वाटून दिली होती. तू उडवायची, मी भरायची. मी मुलगी म्हणून उडवायची नाही, पण माझा हात मापाला पक्का, म्हणून भरायची माझ्याकडे. आणि त्यांचा एक नियम होता. जो भरेल त्याने चापाला लाल दोरा बांधायचा आणि जो बार काढेल त्याने तो सोडायचा. दोरा दिसला की बंदूक भरलेली, नाहीतर रिकामी. दोरा ओटीवरच्या खुंटीला टांगलेला असायचा. लग्न होऊन मी गेले तेव्हा तू स्वतःच भरायचास. सहा वर्षांनी पांढरं कपाळ घेऊन मी परत आले. दुसऱ्या दिवशी तू दारूचं शिंग माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालास, "भर. माझा माप चुकते."

खरं तर तुझं माप कधीच चुकत नव्हतं.

दसऱ्याचा बार ही आपल्या आळीची रीत. पाटावर बंदूक, कोयता, विळा, माझी शाळेत शिकवतानाची छडीसुद्धा. झेंडूची फुलं, हळदकुंकू. मग तू मागच्या खाचरात जाऊन खाडीकडच्या ओसाड खाजणाकडे तोंड करून बार काढायचास. तो ऐकू आल्याशिवाय आळीतलं कुणी सोनं लुटायला निघत नसे. मुलं बायका कुंपणाशी येऊन उभी राहायची. वर्षातला तो एक दिवस तुझ्या बंदुकीला मान होता आणि तुझा रुबाब बघण्यासारखा असायचा.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला मी परत येऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी मी ओटीवर बसून बंदूक भरत होते. सणाला आलेली आपली मावशी पाटाला रांगोळी काढत होती. मी शेवटचा बोळा ठासला, गज बाहेर काढला आणि दोऱ्यासाठी हात वर केला, एवढ्यात ती म्हणाली, "कपाळ पांढरा झाला त्या बाईनं दसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नसते गो. भावाचा तरी विचार कर." ती वाईट नव्हती, दादा. जे सगळे मनात म्हणत होते ते तिने तोंडाने म्हटलं. मी ताडकन उठले. बंदूक भिंतीला लावली, आत गेले आणि चुलीपुढे बसून रडले. दोरा खुंटीलाच राहिला.

तू आंघोळ करून आलास. चापाला दोरा नाही, म्हणजे मी भरली नाही असं तू समजलास आणि वर दुसऱ्यांदा भरलीस. ठासताना गज नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वर राहिला असणार, ते तुझ्याही लक्षात यायला हवं होतं. पण कुंपणाशी माणसं खोळंबली होती, तू घाईत होतास. मी चुलीपाशी होते. बार ऐकला आणि तो वेगळा आहे हे मला तेव्हाच कळलं. धावत आले तर तू खाचरात उताणा पडला होतास, उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं, दस्ता उभा चिरलेला. नळी फुटली नाही ही देवाची कृपा. तुझा उजवा कान मात्र त्या दिवशी गेला तो गेलाच.

तुला ओटीवर आणून निजवलं. लोक भोवती जमलेले, हाडवैद्याला बोलवायला कुणीतरी धावलेलं. तू माझ्याकडे बघून हळूच विचारलंस, "बाय, दोरा कुठं हाय?"

मी म्हटलं, "खुंटीला."

तू म्हणालास, "बरं." आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस.

मग मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, ही कोणी भरली होती? माझं तोंड उघडेना. तू भिंतीकडे तोंड करूनच म्हणालास, "मीच भरली, मीच विसरलों, मीच परत भरली. डोका ठिकानावर नव्हता माझा." लोक हसले. दुखण्याने तुझा चेहरा पांढराफटक पडला होता आणि लोक हसत होते. त्या दिवसापासून तू गावाचा डबलबार झालास. डबलबार आला, डबलबारला विचारा, डबलबारच्या वाडीतले नारळ. तारापूरच्या बाजारात तुझं खरं नाव विचारलं असतं तर कुणाला घर सापडलं नसतं. तूही हसून ओ द्यायचास. बारा वर्षं लोकांनी तुला माझ्या चुकीच्या नावाने हाक मारली आणि दर वेळी मी मान खाली घातली. लोकांना वाटायचं, भावाची थट्टा बहिणीला लागते.

पुढच्या दसऱ्याला मी शिंगाला हात लावेना. तू सगळ्या आळीपुढे म्हणालास, "ही बंदूक भरनारा हात घरात एकच हाय. तो चालत नसेल तर बार नाय. जा, सोना लुटा तसाच." मावशीनेच शिंग उचलून माझ्या हातात दिलं. तू तेव्हा खोटं बोलला नसतास, तर माझा हात पुन्हा त्या बंदुकीला कुणी लागू दिला नसता, हे मला त्या क्षणी कळलं. आणि कळूनही मी गप्प राहिले.

एवढं मात्र झालं, की त्यानंतर तू दर वेळी बार काढण्याआधी गज टाकून मोजायला लागलास. गज नळीत पूर्ण बुडाला तर रिकामी, चार बोटं वर राहिला तर एक बार. दोरा बांधलेला दिसत असला तरी मोजायचास. मला त्याचा राग यायचा. लाज वाटायला हवी होती, पण राग यायचा. मी फणकाऱ्याने म्हणायचे, "माझ्या दोऱ्यावर भरवसा नाही का तुझा?" तू म्हणायचास, "बंदुकीवर नाय." एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकला असतास. ते वाक्य तुझ्या जिभेवर होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. आपण दोघं किती भांडलो, दादा. किटलीवरून, नारळाच्या पाडेकऱ्यावरून, मी शाळेतल्या मुलांना मारते त्यावरून. पण त्या वाक्यापर्यंत तू एकदाही गेला नाहीस.

मग तिकडे किनाऱ्याला अणुवीज केंद्राचं काम निघालं. खडक फोडायला सुरुंग लागायला लागले. आपल्या ओटीवरची भांडी किणकिणायची आणि तू कानावर हात ठेवून म्हणायचास, "सरकारनी पन ठासनीची घेतली वाटते." बोईसरला नवी माणसं आली, बाजारात हिंदी ऐकू यायला लागली, आणि डुकरं यायची थांबली. परवाना नवा करायला आपण पालघरला गेलो होतो, आठवतं? साहेबाने विचारलं, रानडुकरांचा त्रास आहे का? मी तुला कोपराने ढोसलं. तू सरळ म्हणालास, "नाय साहेब. डुकरा येत नाय. पन दसरा येते." साहेब इतका हसला की शिक्का उलटा मारला. परतीच्या वाटेवर मी तुला खूप बोलले. तू ऐकू येणारा डावा कान दुसरीकडे फिरवून बसलास. तुझी ती युक्ती मला कधीच जमली नाही.

आणि एक भांडण तू अर्धंच टाकून गेलास. दर दसऱ्याला म्हणायचास, "ह्या वक्ताला तू उडव. जनमभर भरली, एक बार तरी काढ." मी म्हणायचे, माझा खांदा तुझ्यासारखा नाही. म्हणायचे, लोक काय म्हणतील. खरं कारण सांगितलं नाही. तुझं मोडलेलं हाड चुकीचं बसून वर आलेलं होतं. सदऱ्यातून त्याचा उंचवटा दिसायचा आणि बंदूक खांद्याला लावायचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे तो यायचा. गेल्या दसऱ्याला तू शेवटचं म्हणालास, तेव्हा मी जरा जोरातच ओरडले, "मी मेल्यावर उडवीन." तू म्हणालास, "तू नाय, मी मेल्यावर."

दिवाळीनंतर तू खाटेला खिळलास. दम लागायचा, हात थरथरायचा, पेला धरवत नव्हता. मी आठवड्यातून एकदा औषध आणायला पालघरला जायचे. एकदा परत आले तर दाराशी दिवाळीला घेतलेलं नवं पायपुसणं, हिरव्या काठाचं, एका कोपऱ्याला कुरतडलेलं. मी उंदरांच्या सात पिढ्या काढल्या. तू खाटेवर डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपला आहेस.

आज सकाळी पोलीस पाटील नथूभाऊ हवालदाराला घेऊन आला. हवालदार घाटावरचा, पोरगेलासा, आदबशीर. म्हणाला, "बाई, रिकामी आहे ना? भरलेली हत्यारं ठाण्यात घेत नाहीत." मी म्हटलं, रिकामीच आहे, दसऱ्यानंतर कुणी हातच लावला नाही. गवसणी काढली आणि चापाला लाल दोरा.

मी बांधला नव्हता, म्हणजे तू बांधलास. मी गज टाकला. चार बोटं वर राहायला हवा होता, तो जेमतेम दोन बोटं राहिला. नथूभाऊ म्हणाला, "बंदुकीत बार हाय. काढायलाच पायजे. थांब गो, मी कोनातरी बाप्या मानसाला बोलावतों." मी म्हटलं, "कुणाला बोलवू नकोस. मी काढते."

मी डबीतून टोपी घेतली आणि मागच्या खाचरात गेले. भात कापून झालेलं, वालाच्या वेली सुकायला लागलेल्या. तू जिथे उभा राहायचास तिथेच, बांधाच्या त्या दगडावर, खाजणाकडे तोंड करून उभी राहिले. हवालदार विहिरीच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याचं बरोबरच होतं. टोपी बसवली. घोडा ओढायला मला दोन्ही अंगठे लागले. दस्त्यावरची पितळी पट्टी, सुताराने चिरेवर मारलेली ती, गालाला गार लागली. मी दात आवळले, खांदा ताठ केला. तुझं हाड डोळ्यांपुढे आलं. मी चाप ओढला.

दादा, धक्का लागलाच नाही. खांद्यावर कुणी थाप मारावी तेवढाच. आवाजही जेमतेम, पाण्यात नारळ पडावा तसा. धूर मात्र भरपूर निघाला. नथूभाऊ म्हणाला, "येवढाच? दारू सर्दावली वाटते." पुढे दहा पावलांवर, भाताच्या खुंटांत काहीतरी धुमसत होतं. जाऊन पाहिलं तर काथ्याचा बोळा, हिरव्या रंगाचा. आपल्या पायपुसण्याचा कोपरा.

मी तिथेच खाली बसले. पेला धरवत नव्हता त्या हातांनी तू खाटेवरून उठून ओटीवर आलास. नारळ सोलणं जमलं नसेल, म्हणून पायपुसण्याचा काथ्या तोडलास. दारू निम्मी घातलीस, छर्रे घातलेच नाहीत, म्हणजे माझ्या खांद्याला लागू नये. तुझ्या मागे बंदूक जमा होणार, ती रिकामी करावी लागणार, आणि मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, हे सगळं तू धरून चालला होतास. मी उंदरांना शिव्या देत होते आणि तू डोळे मिटून ऐकत होतास.

नथूभाऊ जवळ आला. त्याला वाटलं मला लागलं. म्हणाला, "डबलबारची बंदूक शेवटाला अर्ध्याच बाराची निघाली बघ." तो थट्टा करत होता, मला हसवायला. तेव्हा मी सांगितलं, दादा. हवालदारासमोर सांगितलं, मोठ्याने. की त्या दसऱ्याला बंदूक मी भरली होती. दोरा बांधायला मी विसरले होते. तो डबलबार नव्हता, मी होते.

नथूभाऊने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "असा नको करू गो बाय. मेलेल्या मानसाची बाजू घेतेस. भयीन हायस, समजते मला." मी पुन्हा सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. तू खोटं इतकं चोख सांगून गेला आहेस की माझं खरं आता कुणी ऐकत नाही. गाव तुला डबलबारच म्हणणार आणि मला ते ऐकत राहायचं आहे. ते ऐकायला हवंच मला.

मग मी किटली चुलीवर ठेवली. हवालदार म्हणाला, "राहू द्या बाई, ठाण्यात कोण बघतंय?" मी म्हटलं, खरकटी देणार नाही. काळं पाणी निघालं, मग करडं, मग निवळ. खोबरेल लावलं. त्याच किटलीत दोघांना चहा केला. हवालदार चांगला झालाय म्हणाला.

बार काढणाऱ्याने दोरा सोडायचा हा नियम. जन्मभर मी बांधला आणि तू सोडलास, या वेळी उलटं झालं. तुझी गाठ सुटेना. थरथरत्या हाताने तू एकावर एक तीन गाठी मारल्या होत्यास. मी दातांनी सोडवल्या आणि मग बंदूक गवसणीत घालून त्याच्या हवाली केली. तो कागदावर काय काय लिहून घेत होता. दोऱ्याचं त्याने काही विचारलं नाही.

आता संध्याकाळ झाली आहे. आज एकाच माणसाचा भात टाकला. दोरा पुन्हा खुंटीला लावला आहे. बारा वर्षांपूर्वी तू विचारलंस तेव्हा तो तिथेच होता, दादा. मी रागाने उठून गेले होते आणि विसरले होते. तू एकदाच विचारलंस, मी एका शब्दात उत्तर दिलं. उरलेलं आज सांगते आहे, आणि बरं म्हणायला तू नाहीस.